खुल्या जागेसमोरचा प्लॉट

घरासाठी प्लॉट घेणे हा खरे तर ललित लेखाचा विषय नव्हे. दलाल, तलाठी आणि बँक यांच्यात तो वाटला गेलेला असतो. परंतु २०१९ च्या उन्हाळ्यात परभणीत, वसमत रस्त्याच्या बाजूला, एका नव्या लेआउटमध्ये जागा निवडताना माझ्याच मनाचा एक कोपरा मला दिसला आणि तो फारसा शोभादायक नव्हता. मराठीच्या अध्यापकाने तो लिहून ठेवावा, असे तेव्हापासून वाटत आले आहे.

साधारण एकराहून मोठ्या जमिनीचे रेखांकन मंजूर करून घेताना दहा टक्के क्षेत्र खुले सोडावे लागते. बोलताना सगळे त्याला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. आमच्या लेआउटमध्ये या खुल्या जागेच्या एका कडेला समाईक बोअर आणि पाण्याची टाकी होती. पुढे लहान मुलांसाठी झोके आणि म्हाताऱ्या माणसांसाठी बाकडी येणार होती. हे सारे नकाशावर. जमिनीवर तेव्हा होत्या चुन्याच्या रेघा, रोवलेले दगड आणि मागच्या हंगामातली न उपटलेली पऱ्हाटी.

माझ्यासमोर दोन प्लॉट होते. दोन्ही तीस बाय चाळीसचे, दोन्ही पूर्वेकडे तोंड असलेले. पहिला खुल्या जागेच्या अगदी समोर. दुसरा पार मागच्या रांगेत, कुंपणाला लागून. पहिल्याला चौरस फुटामागे शंभर रुपये जास्त, म्हणजे एकूण एक लाख वीस हजारांचा फरक. दलालाने आधी पहिलाच दाखवला. “सर, टाकी समोर, मोकळी हवा समोर. उद्या डबल भाव येईल.” मग इसारपावतीसाठी त्याने पूर्ण नाव विचारले. मी सांगितले. आडनावापाशी त्याचा पेन क्षणभर थांबला आणि अत्यंत सौजन्याने तो म्हणाला, “मागच्या लाइनीतला बी बघून घ्या सर. तिकडं तुमच्यातले दोन-तीन जण घेतायत. सोबत होईल.”

त्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. अडचण अशी की, मला त्याचे म्हणणे पटले. घरी परतेपर्यंत मी कारणेही जुळवली. मागे शांतता असेल, लेखन-वाचन होईल, पोरांच्या क्रिकेटचा चेंडू खिडकीवर येणार नाही, वाचलेल्या पैशांत पुस्तकांसाठी एक खोली निघेल. कारणे सगळी खरी होती. फक्त ती निर्णयानंतर आली होती.

वस्तीच्या जमिनीला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात आणि शेताच्या जमिनीला ‘काळी’. त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचलेल्यांना ही जोडी परिचित असेल. पांढरीत मातीच्या रंगापेक्षा पुष्कळ काही सामावलेले असे. कोणाचे घर वेशीच्या आत, कोणाचे बाहेर, कोणाच्या दारापासून आड किती पावलांवर, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या आखलेले. माझ्या मायचे माहेर पाथरी तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात तिच्या वस्तीचा आड आटला. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. गावातल्या विहिरीला पाणी होते. पण वस्तीतल्या बायका-पोरी हंडे घेऊन काठापासून दूर बसत आणि कोणाला दया आली की वरून पोहरा ओतला जाई. ‘वाट पाहणे’ हा शब्दप्रयोग विरहकवितेच्या संदर्भात मी शेकडो वेळा समजावून सांगितला असेल. मायच्या लेखी त्याचा पहिला अर्थ हा आहे.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. त्याने दिलेला हक्क बजावण्यासाठी १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले. परभणी मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तो ठराव इथवर पोचलाच नाही. पुढे १९५० मध्ये संविधान लागू झाले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते अशी नावे घेऊन भेदभाव निषिद्ध केला आहे. त्यानंतर बावीस वर्षांनी माय काठापासून दूर बसली होती.

हे सारे मी वर्गात सांगतो. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) शिकवतो, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) शिकवतो. केंद्र आणि परीघ या संज्ञा फळ्यावर लिहून त्यांच्याखाली रेघ ओढतो. आणि स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा परीघ मी इसार देऊन विकत घ्यायला निघालो होतो. ती जमीन तर काळी होती. तिच्यावर कोणाच्याच वाडवडिलांचे घर नव्हते, तिला वेस नव्हती. वेस मी सोबत घेऊन गेलो होतो; दलालाने तिची फक्त आठवण करून दिली.

इसार देण्याच्या आदल्या संध्याकाळी मायला जागा दाखवायला नेले. चुन्याच्या रेघांवरून चालत ती सरळ टाकीपाशी गेली. टाकीच्या कट्ट्यावर हात ठेवून तिने विचारले, “आपला कोणता?”

मी मागे बोट दाखवले.

“इतक्या लांब काहून?”

“तिकडं शांतता आहे, माय.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हाकललं का आपल्याला कोणी?”

“नाही.”

“मंग?”

मराठी विषयात एम.ए. करून, वीस वर्षे भाषा शिकवून, या ‘मंग’चे उत्तर मला देता आले नाही.

आम्ही समोरचा प्लॉट घेतला. पुस्तकांची खोली झाली नाही. पुस्तके जिन्याखाली आहेत. काळीवर घर बांधणे तसेही स्वस्त नसते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया उथळ असेल तर भिंतींनाही तडे देते. मुरूम लागेपर्यंत खोल खणावे लागते. आमचा बराचसा पैसा जमिनीखाली गेला.

पुढे सगळे गोड झाले, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. झोके आलेच नाहीत. खुल्या जागेत गवत आहे, दोन लिंब आहेत, मुलांचे क्रिकेट आहे आणि चेंडू खिडकीवर येतो. शेजारच्या एक आजी मायशी तासन्‌तास बोलतात, वाटीने साखरही मागून नेतात. चहा मात्र त्यांनी आमच्याकडे अजून घेतलेला नाही. प्लॉटधारकांच्या एका बैठकीत खुल्या जागेला कुंपण घालून कुलूप लावावे आणि किल्ली दोन-तीन ‘जबाबदार’ घरांत ठेवावी, अशी सूचना आली. मी विरोध केला. वर्गात कधी कापत नाही तो माझा आवाज तिथे कापत होता. विषय पुढच्या बैठकीवर गेला, म्हणजे संपलेला नाही. मागच्या रांगेत राहत असतो तर त्या बैठकीला मी बहुधा गेलोच नसतो. समाईक जागेसमोर राहण्याचा दर चौरस फुटामागे शंभर रुपये नसतो. तो अशा बैठकींत, पुन्हा पुन्हा मोजावा लागतो.

उन्हाळ्यात समाईक बोअरवर रांग लागते. आमच्या घरात स्वतंत्र नळ आहे. तरीही माय हंडा घेऊन बाहेर पडते. “मी आणतो,” म्हटले तर ऐकत नाही. पंधरा-वीस बायकांच्या मागे उभी राहते, मध्ये घुसणारीला बोलते, कोणाच्या तरी सुनेची चौकशी करते. खिडकीतून मला ती दिसते. तिचा नंबर येतो, हंडा खाली ठेवून ती स्वतःच्या हाताने तोटी फिरवते आणि हंडा काठोकाठ भरेपर्यंत कोणालाही हलू देत नाही.