मोरचूद आणि मेंढ्या

दिवाळी आटोपली होती. काटोलकडच्या एका मेंढपाळाचा नागपूरला फोन आला, "डॉक्टरसाहेब, मेंढ्या लाल मुतून रायल्या. सकाळीच दोन गेल्या."

लाल लघवी म्हटली की आम्हा जनावरांच्या डॉक्टरांना आधी गोचीडताप आठवतो. पण कळपात ताप कुणालाच नव्हता, काचपट्टीवरच्या रक्तात त्याचे जंतूही दिसले नाहीत. एका मेंढीची खालची पापणी ओढून पाहिली, तर पिवळीधमक. लघवी कोऱ्या चहासारखी. मेलेल्या मेंढीचं पोट उघडलं तेव्हा मूत्रपिंडं काळीनिळी पडलेली.

"चारली कुठं?"

"पावसाळाभर संत्र्याच्या बागेत. सगळीकडं पऱ्हाटी न् सोयाबीन, मंग नेऊ कुठं?"

बागेत गेलो. खोडांना कमरेपर्यंत निळसर लेप. डिंक्या आणि फळगळीसाठी बोर्डो मिश्रण फवारायचं, खोडाला बोर्डोची पेस्ट लावायची, ही इकडची रीतच आहे, आणि त्यात चूक काही नाही. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचूद म्हणजे तांबं, आणि ते खालच्या गवतावर उतरतं.

मालक म्हणाले, "आमच्या गाई तेच गवत खातात, त्यांना काही झालं नाही." बरोबर आहे. गाय जादा तांबं बऱ्यापैकी बाहेर टाकते, मेंढीला ते जमत नाही. तिच्या यकृतात ते महिनोन्‌महिने साठत राहतं, वरून मेंढी धडधाकट. मग लांबची चाल, उपासमार किंवा अवकाळी पाऊस असा ताण आला की साठा एकदम रक्तात सुटतो, तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात. हा कळप बाग सोडून पावसात चालत निघाला होता. मेंढपाळाचा संशय मात्र वाटेतल्या गावावर, कुणी विष घातलं म्हणून. शेवटच्या मुक्कामालाच दोष जातो, हे मी नेहमी पाहतो.

यकृताच्या तपासणीत तांबंच निघालं. अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम थायोसल्फेट तोंडावाटे सुरू केलं. लघवी लाल झालेल्या बहुतेक गेल्या, बाकीचा कळप तरला.

मेंढपाळांनी बागेत शिरण्याआधी मालकाला एवढंच विचारावं, बोर्डो मारलाय का? मारला असेल तर मेंढ्या आत घालू नका. आणि गाईचं खनिज मिश्रण किंवा कोंबड्यांचं खाद्य मेंढीला चारू नका. तांबं त्यातही असतं.