ऐंशी लाख की तीस लाख?

सप्टेंबर २०२५

प्रिय,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. सप्टेंबर आहे, आणि सप्टेंबरात मी माणसांत नसते हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! ३० तारखेच्या आत ऑडिटची कागदपत्रं, फॉर्म २९ बी, सगळं जायचंय. दुपारचा डबा संध्याकाळी उघडते.

तुला सांगते, फाउंड्रीच्या शेठनी यंदा जेरीस आणलंय. गेल्या वर्षी एप्रिलात नवं मशीन घेतलं. कंपनीच्या वह्यांत त्याचा घसारा वर्षानुवर्षं थोडा थोडा. आयकरात मात्र पहिल्याच वर्षी १५ टक्के, वर २० टक्के जादा. झालं! वह्यांत नफा ८० लाख, आयकराच्या हिशेबात उत्पन्न ३० लाख. २५ टक्क्यांनी साडेसात लाख कर, शेठ पेढे मागवायच्या बेतात. मी म्हटलं, थांबा, मॅट, म्हणजे किमान पर्यायी कर, राहिलाय. पुस्तकी नफ्यावर १५ टक्के, म्हणजे १२ लाख. दोन्हींत जो जास्त तो भरायचा, सेस वेगळाच. पेढे राहिले.

"अहो, तो नफा बँकेला दाखवायला होता!" असं खरंच म्हणाले गं. मला तुझे मामा आठवले. स्थळ आलं की मुलाचा पगार एक, वर्गणीवाले आले की दुसरा! मॅट म्हणजे मिरवलेल्या पगारावरची वर्गणी. राजीव गांधींनी १९८७च्या अर्थसंकल्पात असाच किमान कर आणला होता. तू त्यावर सहा पानं पाठ केलीस आणि पेपरात प्रश्नच आला नाही.

आता माझी फजिती. पहिल्यांदा मी पुस्तकी नफा ६८ लाखच धरला होता. नफ्यातून वजा झालेली आयकराची तरतूद परत मिळवायची असते, तीच विसरले. आर्टिकलशिपमध्ये याच चुकीवरून तुला आठवडाभर छळलं होतं ना? हस आता.

जादा भरलेले साडेचार लाख क्रेडिट म्हणून १५ वर्षं पुढे ओढता येतात. आयकराच्या २२ टक्क्यांच्या पर्यायी योजनेत गेलं तर मॅटच नाही. पण जादा घसारा जातो, हे क्रेडिटही बुडतं आणि मागे फिरता येत नाही. शेठना ते क्रेडिट आजीच्या पितळी घंगाळासारखं झालंय, वापरवत नाही नि टाकवतही नाही. माझं मत विचारशील तर यंदा आहे तिथेच राहावं, मशीन नवं आहे.

३० तारीख उलटली की रविवारी फोन कर. आणि ते ६८ लाखांचं कुणाला सांगू नकोस.

तुझीच