वाळूच्या तळाची रेघ

आम्ही पुण्याकडची मुलं बेसाल्टवर वाढलेली. वालुकाश्म पहिल्यांदा नीट हाताला लागला तो कच्छमध्ये, भुजच्या उत्तरेला रुद्रमातेजवळ. झुरान स्तरसमूहातले हे थर सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळावर साचलेले. शेल म्हणजे चिखलाचा खडक, मग वालुकाश्म, पुन्हा शेल.

तिथल्या एका हातभर जाडीच्या थरापाशी मी आजही विद्यार्थ्यांना गुडघ्यांवर बसवतो. भिंगातून दाणे पाहिले तर रव्याहून बारीक, एकसारखे. थराचा तळ सुरीने कापल्यासारखा दिसतो. पण खालून बोटं फिरवली की लांबट उंचवटे लागतात. प्रवाहानं चिखलात चर खोदले, त्यांत वाळू भरली, तिचे हे साचे. वरचे पापुद्रे उशीसारखे अलगद फुगतात, बसतात, पुन्हा फुगतात. उतार जेमतेम 10-15 अंशांचा. ही वादळाची खूण. एरवीच्या लाटा जिथवर पोचत नाहीत त्या तळाला वादळी लाटा ढवळतात, आणि वादळ शमल्यावर ही घडण मोडायला तिथं दुसरी लाट येत नाही. अगदी वर जीवांची बिळं. तळ शांत झाल्यावर वस्ती परतलेली. हा आख्खा थर काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात पडला. त्यावरच्या वीतभर शेलला मात्र कितीतरी वर्षं लागली असतील.

एक थर वाचणं त्यामानानं सोपं. घोटाळा होतो तो वाळूच्या एकूण आकारात.

नोकरीच्या सुरुवातीला विहिरींचे लॉग, म्हणजे खोलीनुसार खडकांच्या नोंदी, जुळवून मी वाळूचा छेद काढला होता. डेटम, म्हणजे छेद जुळवायची आधाररेघ, धरली वाळूच्या खालच्या शेलमधली आणि ती सपाट ठेवली. वाळू वर फुगली. मी लिहून टाकलं, समुद्रतळावरचा बांध. पुढे वरच्या शेलमधली रेघ सपाट धरून तोच छेद पुन्हा काढला, तर तीच वाळू खड्ड्यात भरल्यासारखी खाली लोंबली. आकडे तेच होते. कोअर, म्हणजे विहिरीतून काढलेला खडकाचा नमुना, पाहिला तेव्हा वाळूच्या तळाशी झिजलेली, खडे विखुरलेली रेघ निघाली; म्हणजे वाळू खोदलेल्या तळावर पडली होती. तो अहवाल मागे घ्यावा लागला आणि अनेक रात्री झोप उडाली.

वायोमिंगच्या शॅनन वालुकाश्मावर हाच वाद मोठ्या प्रमाणावर झाला. सागरी शेलनं वेढलेल्या त्याच्या लांब, अरुंद पट्ट्या किनाऱ्यापासून दूर उभारलेले बांध मानल्या जात. 1993 मध्ये वॉकर आणि बर्गमन यांनी उलट मांडलं: समुद्राची पातळी खाली गेली, किनाराच तिथवर सरकला, वाळू त्या किनाऱ्यालगत पडली, मग पाणी चढताना तिचा वरचा भाग तासला गेला. म्हणजे लांबट आकार वाळू साचताना आला असं धरून चालत नाही. ती उरताना येऊ शकतो. वाद पुरता मिटलेला नाही, पण माझा कल त्यांच्याकडे आहे, कारण त्यांनी वाळूइतकंच तिच्या खालच्या झिजेकडे पाहिलं.

पांढऱ्या रणाकडे जाताना भुज-खावडा रस्त्यावर रुद्रमाता लागतं. तिथं एक सकाळ थांबा. ऊन तिरपं असतं तेव्हा पापुद्रे स्वच्छ दिसतात. थराच्या तळाला हात लावून पाहा. हातोडा मात्र गाडीतच राहू द्या.