साडेपाच तासांचा घोळ

जप्त केलेली डिस्क माझ्या टेबलावर येते ती इमेजच्या रूपात. पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत, रिकाम्या जागेसकट, सगळं एका अवाढव्य फाइलीत उतरवलेलं. ही इमेज सरळ माउंट करून का बघत नाही, असं नवखे विचारतात. कारण ‘फक्त वाच’ असं बजावलं तरी, आधी नीट बंद न झालेली एक्स्ट-४ फाइल सिस्टीम माउंट होताना जर्नलमधली अर्धवट कामं उरकून घेते. तेवढ्यानं इमेजचा हॅश, म्हणजे तिच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला ठसा, बदलतो. आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात तोच हॅश नोंदवायचा असतो.

म्हणून मी माउंटच्या वाटेला जात नाही. ब्रायन कॅरियर यांचं ‘द स्लूथ किट’ पायथनमधून वापरता येतं, पायटीएसके-३ या लायब्ररीनं. इमेज उघडायची आणि पार्टिशन कुठून सुरू होतं ते सांगायचं. बहुधा सेक्टर २०४८. गुणिले ५१२, म्हणजे १०,४८,५७६वा बाइट. (कमांड सेक्टर मागते, लायब्ररी बाइट. यात पुष्कळांची पहिली दुपार जाते.) पुढची वाट लायब्ररी स्वतः काढते आणि प्रत्येक फाइलीच्या चार वेळा हातात ठेवते: बदल, वापर, नोंदीतला फेरफार, निर्मिती.

फाइल सिस्टीम कुठलीही असो, रकाने हेच चार. खरी गोम इथेच आहे.

विंडोजची एनटीएफएस १ जानेवारी १६०१पासूनची वेळ मोजते, तीही यूटीसीमध्ये. पेन ड्राइव्हवरची फॅट मात्र लिहिणाऱ्या संगणकाचं स्थानिक घड्याळ लिहून ठेवते. ते कुठल्या देशाचं, याची नोंदच नाही. मग लायब्ररी माझ्या यंत्राचा टाइमझोन गृहीत धरते. तो यूटीसी ठेवलेला असेल आणि अहवाल भारतीय वेळेत काढला, तर सकाळी ९.१० वाजता कॉपी केलेली फाइल लॅपटॉपवर ९.१०ला दिसते, पेन ड्राइव्हवर दुपारी २.४०ला. मधल्या साडेपाच तासांत आरोपी कुठे होता, यावर वकील तासभर बोलू शकतात.

फॅटमध्ये शेवटच्या वापराची फक्त तारीख असते, वेळ नसते. रिकाम्या जागी शून्य छापलं जातं, आणि तपास अधिकाऱ्याला वाटतं, हा माणूस रोज बरोबर मध्यरात्री फाइली उघडतो!

एनटीएफएस एकाच फाइलीच्या वेळा दोन ठिकाणी ठेवते. लायब्ररीच्या चार रकान्यांत येतात त्या पहिल्या ठिकाणच्या. त्या कुठलाही साधा प्रोग्राम बदलू शकतो. दुसऱ्या ठिकाणच्या, म्हणजे नावाच्या नोंदीतल्या, वेळा बदलणं त्या मानानं अवघड. पण त्या मुद्दाम मागून घ्याव्या लागतात, आणि घाईत कुणी मागत नाही.

माझ्या तक्त्यात म्हणून वेळेशेजारी आणखी दोन रकाने असतात: फाइल सिस्टीम कोणती आणि घड्याळ कुणाचं. त्यानं तक्ता ए-४ कागदावर उभा मावत नाही, आडवा छापावा लागतो. कोर्टाच्या फायलीत तो नेहमी उलटाच लागतो.