सोळा दिवस वर

१३ जून २०२५, शुक्रवार
सकाळी पावणेसातला मशीन थांबलं. पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं लुकलुकतायत. बंद केलं, चालू केलं. प्लग काढून दहा मिनिटं वाट पाहिली. अक्षरं तीच. आत बादलीभर पाणी आणि घरभराचे कपडे. हाताने पिळून पंख्याखाली टाकले. खोलीला ओल्या गोधडीचा वास.
यंदा पाऊस मे महिन्यातच आला. दोऱ्या आधीच भरलेल्या.

१४ जून
बिल सापडलं. कोरं. तो गुळगुळीत कागद, छपाई उडून गेलेली. उजेडापुढे धरलं तर दुकानाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं दिसतात. दुकानात गेले. मोबाइल नंबरवरून नवीन प्रत निघाली. २८ मे २०२३, २९,५०० रुपये.
दुकानदार म्हणाला, "तेव्हाच म्हटलं होतं ताई, एक्स्टेंडेड घेऊन टाका."
म्हटलं होतं खरं.

१५ जून, रविवार
टोल फ्री. बावीस मिनिटं तीच धून. मग मुलगी आली, गोड बोलली. दोन वर्षांची वॉरंटी संपली. व्हिजिट चार्ज ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९०.
मशीनच्या अंगावर अजून स्टिकर आहे. "१० वर्षे वॉरंटी". शेजारी चांदणी. चांदणीचा अर्थ मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. फक्त मोटर.
सोळा दिवस वर. फक्त सोळा.

१६ जून
शाळेचा पहिला दिवस. चिन्मयचा गणवेश इस्त्रीने वाळवला. खिसे ओलेच राहिले.
मावशींना विचारलं, मशीन नीट होईपर्यंत कपडे कराल का. त्यांनी आधी मोरीकडे पाहिलं. "सकाळचं नाही जमायचं. तुमचे कपडे सुटले तेव्हा त्या टायमाला दुसरं घर धरलंय." दुपारी दोनला येतील. महिन्याचे पंधराशे.
"पूर्वी आठशे होते ना?"
"ते दोन वर्षांपूर्वीचे, ताई."
त्या गेल्यावर सासूबाई: "पंधराशे!"

१८ जून
टेक्निशियन आला. पोरगेलासा. पाठीवर सॅक, शर्ट कोरा करकरीत. मशीन आडवं केलं, स्क्रू काढले, टॉर्च मारला. "मॅडम, या बघायला."
पाल. वाळलेली, बोटाएवढी. पुढचे पाय एका पिनेवर, शेपूट दुसरीवर. पोट काळं. बोर्ड पारदर्शक डिंकात बुडवल्यासारखा, ओल लागू नये म्हणून. पिना मात्र उघड्याच.
"पावसाळ्यात उबेला येतात. काल कोथरूडला उंदीर होता."
मोटर ठणठणीत. बोर्ड गेला. नवा बोर्ड, मजुरी, कर धरून ८,९४०. नव्या बोर्डावर वॉरंटी ९० दिवस. जुना बोर्ड कंपनीत जमा.
मी सोळा दिवसांचं काढलं. तो स्क्रू गोळा करत म्हणाला, "वॉरंटीत असतं तरी पाल चालत नाही, मॅडम. कीटक, उंदीर, पाल, सगळं बाहेर."
जॉबशीटवर लिहिलं, "पेस्ट डॅमेज". ५९० घेतले.
पाल कागदात गुंडाळून ठेवली. का ते माहीत नाही.

१९ जून
एक विचारायचं राहिलं. पाल आत शिरली कुठून? मोबाइलचा टॉर्च लावून मशीनखाली पाहिलं. तळ उघडा. माझा हात कोपरापर्यंत जातो.

२० जून
पालख्या पुण्यात. पेठेतले रस्ते बंद. गच्चीवरून टाळ ऐकू येतात. मावशी आल्या नाहीत. सांगून गेल्या होत्या, वारकऱ्यांना चहा द्यायला जाणार म्हणून.

२१ जून
खालच्या मजल्यावरच्या काकांकडे तक्रारीचा मसुदा घेऊन गेले. काका जुने ग्राहक पंचायतवाले. बिंदुमाधव जोशींच्या सभांना जायचे. चष्मा लावून पेन घेतलं आणि खोडायलाच सुरुवात केली. "अत्यंत निकृष्ट" गेलं. "धक्कादायक" गेलं. "निर्लज्ज"वर दोन रेघा.
"विशेषणं काढ. तारखा घाल. काय झालं, कधी झालं, तुला काय हवंय. संपलं."
वॉरंटी संपली म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही, म्हणाले. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. पण मुळात दोष होता हे दाखवायचं तुला. बोर्ड देऊन बसू नकोस. बोर्ड गेला की पुरावा गेला.
मी उघड्या तळाचं सांगितलं. काका खूश. "हे लिही पहिलं."

२२ जून
लिहिलं. नऊ ओळी. एकही विशेषण नाही. मेल केला.

२४ जून
कंपनीचं उत्तर. इन्स्टॉलेशनच्या वेळी तळाची जाळी बसवायची असते, ती खोक्यातच येते. कृपया तपासा.
काय तपासा?

२५ जून
माळ्यावर चढले. दिवाळीचे आकाशकंदील, जुना मिक्सर, मशीनचा थर्माकोल. थर्माकोलच्या खोबणीत काळी जाळी. प्लास्टिकची पिशवी सीलबंद. सोबत चार स्क्रू.
त्या दिवशी बसवायला आलेला मुलगा घाईत होता. खोकं माळ्यावर मीच टाकलं.
जाळी कोणालाही दाखवली नाही.

२६ जून
दाखवली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेही लिही."

२७ जून
१९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन. मराठीत बोलले, नीट नोंद घेतली, क्रमांक दिला. कंपनीकडे पाठवू म्हणाले. जाळीचं सांगितलं. बसवायला आलेल्या माणसाने बसवली नाही, आम्हीही विचारलं नाही. दोन्ही.
फोन ठेवल्यावर बरं वाटलं. तक्रार मात्र अर्धी झाल्यासारखी.

१ जुलै
मावशींचा हिशेब. सोळा ते तीस, पन्नास रुपये रोज, ७५०. मी पैसे पुढे केले. त्यांनी शंभर परत दिले. "दोन खाडे झाले माझे." आम्ही मोजले नव्हते.

३ जुलै
कंपनी: ग्राहकाचा विचार करून, अपवाद म्हणून, सुट्या भागावर २० टक्के सूट. पुढे कोणताही दावा करणार नाही असं लिहून द्या.
नवऱ्याचं मत, घेऊन टाक. मला त्या "अपवाद म्हणून"चा राग आला. हेही विशेषणच झालं.

५ जुलै
बोर्ड पिशवीत घालून तपकीर गल्ली. तिसऱ्या दुकानात म्हातारबाबा. डोळ्याला भिंग, बोटांना सोल्डरचे डाग. गरम पात्याने डिंक खरवडला, बर्फीच्या वड्या निघाव्यात तसा. खाली शर्टाच्या बटणाएवढी निळी चकती, मधोमध फुटलेली. शेजारी फ्यूज काळा.
मी कागदातली पाल काढून दाखवली. त्यांनी भिंग न काढता पाहिली.
"ही? ही नंतर आली असेल. हे व्होल्टेजने गेलंय. जादा दाब आला की ही चकती आधी मरते. तिचं कामच ते."
"मग पालीने नाही?"
"पालीला विचारा."
चकती, फ्यूज, एक रिले. १,२००. गॅरंटी विचारली. "पायरी उतरेपर्यंत." मग स्वतःच हसले आणि बोर्डाच्या कडेला मार्करने तारीख घातली. महिनाभर.

६ जुलै
आषाढी. खिचडी. पाल कचऱ्यात टाकली. कुठूनशी दुसरी चुकचुकली. सासूबाईंनी टेबलावर बोट आपटलं, "कृष्ण कृष्ण."

९ जुलै
बोर्ड बसवला. जाळी बसवली, चारही स्क्रू. मशीन चाललं. आम्ही तिघं समोर उभं राहून पाण्याचा आवाज ऐकत होतो.
दोनला मावशी आल्या. आवाज जिन्यातूनच ऐकला असणार. काही विचारलं नाही. कपड्यांचा ब्रश धुतला, खिडकीत उलटा ठेवला, गेल्या.

१० जुलै
१९१५ चा मेसेज. तक्रारीचं निवारण झालं का? हो किंवा नाही.
उत्तर दिलं नाही.

१२ जुलै
झोप नाही. काकांच्या पद्धतीने लिहून पाहिलं.
२८ मे २०२३: मशीन आलं.
३१ मे २०२३: मावशींना सांगितलं, उद्यापासून कपडे नकोत.
आधी सूचना: नाही.
कमी झाले: महिना ८००.
१६ जून २०२५: पुन्हा बोलावलं.
९ जुलै २०२५: मशीन चाललं. सांगितलं नाही.
मागणी:

१४ जुलै
चादरी नि पडदे मावशींकडे द्यावेत असं सासूबाईच म्हणाल्या. मशीनमध्ये गोळा होतात, पावसात जडही होतात. आठवड्यातून दोनदा, पाचशे.
मावशी लगेच हो म्हणाल्या नाहीत. पदराला हात पुसत राहिल्या. "चालेल. पण पुन्हा बंद करायचं झालं तर महिनाभर आधी सांगायचं. परवाच दोनच्या टायमाला एक घर आलं होतं, मी नाही म्हटलं."
सासूबाईंनी कालनिर्णयाच्या आजच्या चौकोनात बॉलपेनने लिहिलं, गॅस आणि दुधाच्या नोंदींच्या खाली. चादरी. ५००. महिना आधी.
मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.