चरखा आणि जाते

कवितेचे भाषांतर करता येते की नाही, या वादात आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. गीताच्या भाषांतराविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. कवितेतला अर्थ, निदान त्याचा बराचसा अंश, एका भाषेतून दुसरीत नेता येतो. परंतु जी कविता स्वरांशी एकदा कायमची बांधली गेली, तिचे शब्द बदलले म्हणजे मागे काय उरते? गेली काही वर्षे हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे, आणि त्याला कारण एक जर्मन गीत आहे.

हे गीत गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकाच्या पहिल्या भागातले. ग्रेटखेन नावाची एक साधी मुलगी एकटीच सूत काढीत बसली आहे आणि प्रियकराच्या आठवणीने तिचे मन थाऱ्यावर नाही. फ्रान्झ शूबर्टने १९ ऑक्टोबर १८१४ रोजी या शब्दांना चाल दिली, तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता. एकतिसाव्या वर्षी तो वारला. तोवर त्याने सहाशेहून अधिक गीते रचली होती. या गीतप्रकाराला जर्मन लोक ‘लीड’ म्हणतात. आपल्या भावगीताशी त्याचे नाते जवळचे आहे. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या कंठातून ध्वनिमुद्रिकेवर आली, तेव्हा छापील शब्दांना जसा दुसरा जन्म मिळाला, तसाच शूबर्टने गटेच्या कवितांना दिला. भेद आहे तो साथीत. भावगीतात वाद्ये बहुधा गळ्याच्या मागून चालतात. लीडमध्ये पियानो स्वतःचे असे काही बोलत असतो. या गीतात तर पियानो हाच चरखा. उजवा हात चाकासारखा अखंड गरगरतो. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते आणि चाक एकाएकी थांबते. मग अडखळत, पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत, ते फिरू लागते.

विंदा करंदीकरांनी ‘फाउस्ट’चा पहिला भाग १९६५ साली मराठीत आणला, त्यामुळे ग्रेटखेनचे मनोगत आज मराठी वाचकाला परके नाही. परंतु तेच मराठीत शूबर्टच्या चालीवर बसवू म्हटले, तर पावलोपावली अडते. जर्मनमध्ये चुंबनाला एकाच अक्षराचा शब्द आहे. तो ओळीच्या अगदी टोकाला येतो, त्याच्यावर आवाज चढतो, आणि तेथेच चाक थांबते. मराठीत ‘चुंबन’ म्हणावे तर तीन अक्षरे. शिवाय आपल्या वाक्याला शेवटी क्रियापद हवे असते. ते टाळावे तर भाषा परकी वाटते, आणि ठेवावे तर चाक ‘आठवते’सारख्या निरुपद्रवी शब्दापाशी थांबते! मी या खटाटोपात कित्येक संध्याकाळी घालविल्या आहेत.

पण एके दिवशी निराळाच अनुभव आला. माझी आजी आमगाव तालुक्यातल्या आमच्या गावी असे. तिचा जन्म धानाच्या बांध्यांत आणि जात्यापाशी गेला. लाखोळीची डाळ भरडताना ती ओव्या म्हणे. तिच्यापाशी बसून मी ही ध्वनिमुद्रिका लावली. जर्मनचे अक्षर तिला कळणे शक्य नव्हते आणि मीही काही सांगितले नव्हते. ती डोळे मिटून ऐकत होती. पियानो थांबला तशी ती म्हणाली, “हात काहून थांबला रे बाईचा?”

ज्या जागी माझी सगळी भाषांतरे अडत होती, तीच जागा तिने शब्दांवाचून ओळखली. चरखा तिने ऐकला नव्हता. तिने जाते ऐकले होते. काम करता करता गाणाऱ्या बाईचा हात मध्येच थांबतो तो कशाने, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

आमच्या गावाजवळच पदमपूर आहे. भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे महामहोपाध्याय मिराशींनी प्रतिपादन केले. आपल्याला समानधर्मा रसिक कधी तरी, कोठे तरी भेटेल, अशी त्या कवीची आशा प्रसिद्धच आहे. १८१६ साली शूबर्टची गीते त्याच्या मित्राने गटेकडे पाठविली होती. ती परत आली, उत्तर आले नाही. हा गटे रसिक नव्हता असे कोण म्हणेल? कालिदासाचे ‘शाकुंतल’ इंग्रजीतून जर्मनमध्ये १७९१ साली उतरले, आणि अशा दुहेरी भाषांतरातूनही त्याला ते भावले. तरी शेजारच्याच देशातल्या एका तरुणाचे चाक त्याच्या कानी पडले नाही. पदमपूरजवळच्या एका म्हातारीच्या मात्र पडले.

आता आजी नाही. पिठाची गिरणी गावोगाव आली, बायकांचे कष्ट हलके झाले. ते झाले हे उत्तमच झाले. जाते उरले आहे ते लग्नघरी हळदीपुरते. गी पॉइटविन व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांनी महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहिल्या गेल्या, कित्येकींचे ध्वनिमुद्रणही झाले. हे ऋण मोठे आहे. परंतु आजीच्या ज्या थोड्या ओव्या मी वहीत उतरून घेतल्या, त्या वाचू लागलो की मला ‘फाउस्ट’चे भाषांतर आठवते. शब्द आहेत, अर्थ आहे, घरघर नाही. भाषा तीच राहूनही गीताचे भाषांतर होऊन गेले आहे. शूबर्टने चाक स्वरांत लिहून ठेवले, म्हणून दोनशे वर्षांनंतरही ते फिरते आणि नेमके त्याच जागी थांबते. आपल्या जात्याचे असे टिपण कोणी केले? अजून काही गावांतून ओव्या म्हणणाऱ्या वृद्धा आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जाणाऱ्यांनी त्यांना नुसते म्हणायला सांगू नये. पायलीभर धान्य बरोबर न्यावे आणि आधी जाते मांडायला सांगावे.