पौषातले कोकण

प्रवासाचे बेत आखणे हे एक व्यसनच आहे, असे मला कधी कधी वाटते. ते ज्यास लागले त्यास प्रत्यक्ष प्रवास घडला नाही तरी फारसे वाईट वाटत नाही. कारण निघण्याच्या वेळा, मुक्कामाची ठिकाणे आणि बरोबर न्यावयाच्या वस्तू यांच्या याद्या करता करता त्याचा अर्धाअधिक प्रवास होऊन गेलेला असतो. मजपाशी अशा बेतांची एक जाडजूड वही आहे. तीत दूरदूरच्या मुलखांची नावे आहेत, आणि त्यांतल्या काही ठिकाणी मी जाऊनही आलो आहे. परंतु तिच्यातली सर्वांत अधिक पाने ज्या बेताने अडविली आहेत, तो बेत पुण्याहून अवघ्या चार तासांच्या वाटेवरचा आहे. आईस घेऊन थंडीच्या दिवसांत चौलास जावयाचे, एवढाच तो बेत. आणि गेली दहा वर्षे तो वहीतच आहे.

त्याची आठवण नव्याने झाली ती आमच्या शेजारच्या बिऱ्हाडामुळे. तेथील तरुण जोडप्याने मागे एकदा नाताळच्या सुट्टीत बालीस जावयाचे ठरविले. निघण्यापूर्वी निरोप घ्यावयास दोघेही आली, तेव्हा उत्साहाने म्हणाली, “आजी, आम्ही उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर चाललो आहोत!” ती गेल्यावर आईने मला विचारले, “उष्ण कटिबंध म्हणजे नक्की कुठे रे?” मी मुलाच्या शाळेतला नकाशा काढून तिच्यापुढे उलगडला. साडेतेवीस अंशांवरची कर्कवृत्ताची रेघ गुजरात आणि मध्य प्रदेश यांमधून जाते. सबंध महाराष्ट्र तिच्या दक्षिणेस राहतो. चष्मा नाकावर नीट बसवून आईने ती रेघ बोटाने गाठली, मग पुणे गाठले आणि म्हणाली, “म्हणजे आपण जन्मभर तिथेच राहतो आहोत की!”

शेजारची मंडळी आठ दिवसांनी परतली ती काहीशी हिरमुसलेली. रोज पाऊस पडत होता म्हणे. त्यात नवल नव्हते. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. आपल्याकडे आकाश निरभ्र असते त्या डिसेंबर-जानेवारीत तेथे पावसाळा असतो, आणि कोरडे, सुखाचे दिवस साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतचे. उष्ण कटिबंधात वर्षाची मुख्य विभागणी थंडी आणि उन्हाळा अशी नसून ओले दिवस आणि कोरडे दिवस अशीच असते, ही साधी गोष्ट आपण त्याच कटिबंधात राहूनही विसरतो. चौलाच्या बंदरात १४६९ च्या सुमारास अफनासी निकीतिन नावाचा एक रशियन व्यापारी उतरला होता. पुढे जुन्नरास त्याने पावसाळा काढला, आणि आपल्या प्रवासवर्णनात त्या चिखलपाण्याच्या चार महिन्यांना त्याने चक्क हिवाळा म्हटले आहे! माणूस कोठेही गेला तरी आपले ऋतू गाठोड्यात बांधून नेतो, हेच खरे.

चौलाच्या नावासरशी आई सरसावून बसली. कारण ते तिचे माहेर. नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरात ती वाढली आणि एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्यास आली. त्यानंतर माहेरी जाणे झाले ते नेहमी मे महिन्यात. शाळा-कचेऱ्यांच्या सुट्ट्या तेव्हाच, आंबे-फणस तेव्हाच. त्यामुळे कोकण म्हटले की आम्हां मुलांच्या डोळ्यांपुढे घामाच्या धारा, तापलेली वाळू आणि आंब्याची आढी एवढेच येई. आई मात्र म्हणे, “मे महिन्यातले कोकण पाहुण्यांचे. घरच्यांचे कोकण पौषातले. ते तुम्ही पाहिलेच नाही.”

तिचे म्हणणे मला फार उशिरा पटले. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस त्या किनाऱ्यावर पडतो, आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मार्गशीर्ष-पौषात वारे जमिनीकडून येतात, म्हणून ते कोरडे असतात. आणि समुद्र जवळ असल्यामुळे थंडीची धार बोथट होते. पुण्यास पारा दहा-बारा अंशांवर उतरून बोटे आखडतात, तेव्हाही अलिबाग-चौलाकडे तो इतका खाली सहसा जात नाही. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी खारा वारा समुद्रावरून परत येतो. भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरांत वाल पेरलेला असतो. त्यास ना पाऊस लागतो ना पाट. जमिनीत उरलेली ओल आणि रात्रीचे दव एवढ्यावर तो वाढतो.

तर अशा दिवसांत आईस चौलास न्यावयाचे ठरले. तिच्या इच्छा तीन होत्या. पहिली, दत्तजयंतीस चौलाच्या टेकडीवरच्या दत्ताचे दर्शन घ्यावयाचे आणि खालची जत्रा पाहावयाची. दुसरी, अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जावयाचे. लहानपणी वडिलांचे बोट धरून ती तशी गेली होती. तिसरी इच्छा पोपटीची. वालाच्या कोवळ्या भरल्या शेंगा, जाडे मीठ आणि ओवा हे सारे भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात ठासून भरतात, मडके शेतात पालथे घालतात आणि भोवती पालापाचोळा पेटवितात. पाण्याचा थेंबही आत घालावयाचा नसतो. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून पाहतात. ते चर्र होऊन क्षणात उडाले की पोपटी झाली. हा सोहळा रात्री, शेकोटीभोवती बसून व्हावयाचा.

तिन्ही गोष्टी एकाच खेपेस साधाव्यात, असे मी ठरविले आणि पंचांग घेऊन बसलो. येथेच माझ्यातला बेत आखणारा जागा झाला. आईने मला तिच्या वडिलांचा हिशेब शिकविला. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास भरती. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे सहा वाजता भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. किल्ल्यात भर दुपारी चालत जावयाचे तर अष्टमीच्या आसपास जावे. पण दत्तजयंती तर पौर्णिमेस! त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आगेमागे, आणि ओहोटी पहाटे नाहीतर दिवेलागणीस. म्हणजे जत्रा आणि किल्ला यांमध्ये आठ दिवसांचे अंतर पडले. त्यात वालाच्या शेंगा भरावयाच्या त्या पौष-माघात. माझी रजा चार दिवसांची, मुलाची नाताळची सुट्टी ठरलेली. चंद्र, शेत आणि कचेरी या तिघांचे वेळापत्रक काही केल्या जमेना.

मी दरवर्षी नवे पान घेई आणि नवी आकडेमोड करी. कधी दत्तजयंती डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात येई, तेव्हा रजा नसे. कधी मुलाची परीक्षा, कधी घरात रंगकाम. “पुढल्या वर्षी नक्की,” असे मी म्हणे, आणि आई म्हणे, “जमेल तेव्हा जाऊ रे. समुद्र कुठे जातो आहे?”

२०२३ साली मात्र दत्तजयंती २६ डिसेंबरास, ऐन नाताळच्या सुट्टीत आली. तेव्हा काही अडचण नव्हती. परंतु मी हिशेब मांडला. किल्ल्याची ओहोटी साधत नव्हती, शेंगा अजून भरावयाच्या होत्या, आणि सुट्टीमुळे रस्त्यावर गाड्यांची रीघ लागणार होती. तीनपैकी एकाच इच्छेसाठी इतकी यातायात कशाला, असा विचार करून मी तो बेत पुढे ढकलला. आईने काही म्हटले नाही. तिने घरीच दत्ताच्या तसबिरीस फुले वाहिली.

पुढल्या पावसाळ्यात तिचे गुडघे धरले. आता ती घरातल्या घरात काठी घेऊन हिंडते. टेकडीच्या शेकडो पायऱ्या तिला यापुढे चढता यावयाच्या नाहीत. किल्ल्याच्या वाटेवरचे शेवाळलेले खडक तर निरोगी माणसाचीही परीक्षा पाहतात. वहीतल्या तीन इच्छांपैकी दोन आपल्या आपणच खोडल्या गेल्या. आणि त्या मीच खोडल्या, चांगल्या नीटस बेताच्या हव्यासापायी, हे मला त्या वहीची पाने चाळताना उमगले. चंद्राचा हिशेब मी पाऊणपटीने अचूक केला होता. आईच्या वयाचा हिशेब मात्र एकाही पानावर नव्हता. ऋतू दर वर्षी फिरून येतो, या भरवशावर आपण बेत लांबवितो. पण ज्याला घेऊन जावयाचे त्याचे वर्ष फिरून येत नाही, ही गोष्ट कोणत्याच पंचांगात दिलेली नसते.

गेल्या आठवड्यात चौलाहून मामेभावाचा निरोप आला. “शेंगा भरल्यात. आत्याला घेऊन या. मडकं मी ठेवलंय.” मी सवयीने वहीकडे हात नेला. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “अहो, आता ती वही राहू द्या. येत्या मंगळवारी निघू.” मंगळवार हा काही सुट्टीचा दिवस नव्हे, पण कोणत्याही मंगळवारी रजा मिळते, हा शोध मला दहा वर्षांत लागला नव्हता. शिवाय पौषात लग्ने-मुंजी नसतात, तेव्हा कोणाच्या आमंत्रणाची अडचणही नव्हती.

आईला सांगितले तेव्हा मला वाटले, ती जुन्या इच्छांची आठवण काढील. ती काढलीही, पण निराळ्या रीतीने. “दत्ताला मी खालूनच हात जोडीन. तो वरून पाहतोच आहे. किल्ला वाळूत खुर्ची टाकून पाहीन, आणि तू नातवाला घेऊन आत जाऊन ये. ओहोटी असली तर.” मी पंचांग उघडू लागताच ती हसली. “अरे, तिथे गेल्यावर बघू. पाणी असेल तर पाणी पाहू.” आणि मग सुनेकडे वळून म्हणाली, “अगं, माझी ती जुनी गोधडी काढून ठेव हो. पहाटे मतलई सुटते, तेव्हा पांघरायला तीच बरी.”

उद्या सकाळी आम्ही निघणार आहोत. खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली, पेण, आणि वडखळास वळून अलिबागचा रस्ता. वाटेत मिठागरे दिसतील, वालाची हिरवी खाचरे दिसतील. आईला कोठे थांबावेसे वाटले तर थांबावयाचे आहे. किती वाजता कोठे पोहोचावयाचे, ते मी या खेपेस लिहून ठेवलेले नाही. गोधडी दारापाशी बांधून ठेवली आहे, आणि तिच्यावर आईची काठी.